‘म’ म्हणताना ओठ मिटतात

आजीचे ओठ मिटले होते आणि तिचा आवाज अजून येत होता.

रात्रीचा दीड वाजला होता. रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या माडीवर मी लॅपटॉपसमोर बसले होते. समोर 21 मिनिटांचा एकच सलग टेक. भाट्याच्या खाडीकाठी बसून आजी मुंबईच्या जुन्या बोटीबद्दल बोलतेय. चित्र फोनवर घेतलं होतं. आवाज तिच्या पदराला लावलेल्या छोट्या माइकमधून वेगळ्या रेकॉर्डरवर. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दोन्ही फाइल्स दिल्या, बटण दाबलं, आणि जुळवणी झाली असं त्यानं मिनिटभरात कळवलं. सुरुवात खरंच चोख होती. दहाव्या मिनिटाला काहीतरी खटकायला लागलं. शेवटी शेवटी तर आजी बोलून गप्प झाली, पाण्याकडे बघू लागली, आणि मग तिचं शेवटचं वाक्य ऐकू आलं. सव्वा सेकंदाचा फरक.

आधी हसू आलं. मग जरा दचकायलाच झालं. रोज ऐकलेला आवाज, रोज पाहिलेला चेहरा, आणि तरी कुणीतरी तिसरंच माणूस तिच्या तोंडून बोलतंय असं वाटत होतं.

त्या सव्वा सेकंदाची दुरुस्ती दोन दिवसांत झाली. पण त्या निमित्तानं पडलेला प्रश्न काही सुटेना. आवाज आणि ओठ ‘जुळले’ असं आपण नेमकं कधी म्हणतो? आपल्याकडे सिनेमावर लिहिताना कथा, अभिनय, कॅमेरा यांवर भरभरून लिहिलं जातं. आवाजाच्या वाट्याला शेवटच्या परिच्छेदातलं ‘पार्श्वसंगीत परिणामकारक’ एवढंच येतं. म्हणून हा लेख आवाजाकडून सुरू करतेय.

आजार तीन, लक्षण एकच

आधी कामाचं बोलू, कारण तुमच्यापैकी अनेकजण फोनवरच शूट करत असणार.

आवाज आणि चित्र जुळत नसेल तर पहिला प्रश्न असा विचारायचा: फरक सगळीकडे सारखा आहे, की वाढत जातोय?

सारखा असेल तर काम सोपं आहे. आवाजाची पट्टी तेवढ्या फ्रेम्स पुढे-मागे सरकवली की झालं. वाढत जात असेल तर दोन यंत्रांची घड्याळं वेगवेगळी चालली आहेत. माझा आजार हा होता. सिनेमाचा कॅमेरा दर सेकंदाला ठरलेल्या संख्येनं फ्रेम्स घेतो. फोन तसं करेलच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो हात आखडता घेतो: कधी सेकंदाला 30, कधी 29, कधी त्याहून कमी. माझी टाइमलाइन मात्र प्रत्येक सेकंदाला 30 धरून चालली होती. हजारात एक फ्रेम कमी पडली तरी 21 मिनिटांत सव्वा सेकंद हातचा जातो. उपाय साधा आहे. एडिटिंगला बसण्याआधीच फोनची फाइल ‘हँडब्रेक’सारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढायची, तिचा फ्रेम रेट कायम करून घ्यायचा, आणि मग जुळवणी करायची. मी आधी जुळवलं आणि मग कारण शोधत बसले. जमलं तर शूट करतानाच फोनचा फ्रेम रेट पक्का करावा आणि रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर ठेवावा. 44.1 हे सीडीचं माप आहे, 48 हे व्हिडिओचं.

तिसरा आजार सगळ्यात खट्याळ, कारण तो फाइलमध्ये नसतोच. तो तुमच्या कानात असतो. ब्लूटूथ इअरफोनपर्यंत आवाज पोचायला वेळ लागतो, कधीकधी दीड-दोनशे मिलिसेकंदसुद्धा. सिनेमा पाहायची अ‍ॅप्स हा उशीर हिशेबात धरून चित्र तेवढं थांबवतात. एडिटिंगची टाइमलाइन ते करेलच असं नाही. म्हणजे जुळलेलं चित्र न जुळलेलं दिसतं, तुम्ही ते ‘दुरुस्त’ करता, आणि खरोखर बिघडवून ठेवता. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. एडिटिंगला वायरवाला हेडफोनच बरा.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. सॉफ्टवेअर दोन आवाजांच्या आलेखांमधले उंचवटे आणि खळगे ताडून पाहतं. पण लाटा, पाऊस, वारा यांचा आवाज सपाट पसरलेला असतो, त्यात हाताशी लागेल असा उंचवटाच नसतो. फोनच्या माइकला बहुतेक समुद्र ऐकू आलेला असतो, पदराच्या माइकला बहुतेक आजी. या दोघांचं ऐकून सॉफ्टवेअर जे सांगतं तो अंदाज असतो. म्हणून टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. तळवे भिडलेली फ्रेम डोळ्यांना दिसते, आलेखावर एक टोकदार सुळका उभा राहतो, आणि दोन्ही एकाखाली एक आणता येतात. सिनेमातली ती काळी-पांढरी क्लॅपची पाटी म्हणजे लाकडी टाळीच.

प फ ब भ म

टाळी वाजवायची राहिली तर? तेव्हा पहिलीतली वर्णमाला उपयोगी पडते.

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. वर्गात आपण हे घोकलं आणि परीक्षेनंतर विसरलो. एडिटिंगला बसल्यावर कळलं की ती एक अचूक यादी आहे, कुठला आवाज तोंडात कुठे तयार होतो याची. ‘क’ घशापाशी होतो, तो कॅमेऱ्याला दिसत नाही. ‘त’ दातांआड असतो, तो अर्धवट दिसतो. पण प, फ, ब, भ, म हे ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. ओठ मिटलेली फ्रेम शोधायची, आवाजात ‘म’ शोधायचा, आणि दोन्ही जुळवायचे. आजीच्या पहिल्याच वाक्यात ‘मुंबय’ होतं. एका शब्दात ओठ दोनदा मिटतात. मला टाळीची गरजच पडली नाही.

डोळे आणि कान एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे 1976 मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं. ‘ग’ म्हणणाऱ्या माणसाच्या चित्रावर त्यांनी ‘ब’चा आवाज लावला. पाहणाऱ्या बहुतेकांना ऐकू आला ‘द’. चित्रात नसलेला, आवाजात नसलेला तिसराच वर्ण मेंदूनं तडजोड म्हणून तयार केला. त्या रात्री आजीच्या तोंडून तिसरंच माणूस बोलतंय असं मला का वाटलं, याचं उत्तर बहुधा इथं आहे.

पण मेंदू सगळ्याच फरकांना सारखा हरकत घेत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं 1998 मध्ये टीव्ही प्रक्षेपणासाठी जी मापं दिली, त्यांनुसार आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण 45 मिलिसेकंदांतच माणसाला कळतं. उशिरा आला तर मात्र सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. कारण उघड आहे. जगात आवाज उशिरानंच येतो. प्रकाश दिसताक्षणी पोचलेला असतो, आवाज सेकंदाला जेमतेम 340 मीटर चालतो. पलीकडच्या काठावर कुणी होडीला खिळा ठोकत असेल तर हातोडा आधी दिसतो आणि ठोका मागून येतो. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम्स असतात, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात आवाज 14 मीटर जातो. आवाज आधी आणि हालचाल नंतर, असं निसर्गात कधीच होत नाही.

आजी त्या टेकमध्ये हेच तर सांगत होती. मुंबईहून बोट यायची, ती आत खोल पाण्यात थांबायची, माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. “आदी धूर दिसायचा, मंग भोंगा यायचा,” ती म्हणते. धूर आणि भोंगा यांच्यात जेवढं अंतर, तेवढी बोट लांब. उशीर ही चूक नव्हती. त्या उशिरावरूनच तिला कळायचं की माणूस अजून किती लांब आहे.

नमनाच्या रात्री

ही अक्कल आल्यावर मी एका वाडीतल्या नमनाचं शूटिंग करायला गेले, आणि नव्या ठिकाणी चुकले.

नमन-खेळे ही आमच्या जिल्ह्यातल्या गावांची रात्रभर चालणारी लोककला. मृदंगाच्या साथीवर गण, गवळण, संकासूर, आणि मग वगनाट्य. आज यूट्यूबवर तिचे शेकडो व्हिडिओ आहेत. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या ते पाहतात. मी कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला लावला, रंगमंचापासून साधारण 28 मीटरवर. आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतला. घरी येऊन सॉफ्टवेअरला दोन्ही दिलं, आणि त्यानं मिक्सरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी अचूक जुळवला. मृदंगावर थाप पडायची, आणि हात उचलला गेल्यावर ती ऐकू यायची.

यात सॉफ्टवेअरची चूक नव्हती. कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आवाजच 28 मीटर हवेतून चालत आला होता, म्हणजे दोन फ्रेम्स उशिरा. सॉफ्टवेअरनं त्या उशिराशी इमान राखलं. मिक्सरची पट्टी दोन फ्रेम्स अलीकडे ओढली की थाप आणि हात एक झाले.

पण त्यानंतर खरी अडचण दिसली. मिक्सरच्या आवाजात गायकाचा शब्द न् शब्द स्वच्छ होता. नाचणाऱ्यांच्या पायातल्या चाळांचा आवाज मात्र नव्हता, कारण पायांना कुणी माइक लावत नाही. पुढच्या रांगेतली पोरं संकासुराला बघून किंचाळली होती, तेही नव्हतं. ते सगळं कॅमेऱ्याच्या गढूळ आवाजात होतं, मंडपाच्या घुमण्यासकट. दोन्ही एकत्र लावले तर प्रत्येक थाप दोनदा ऐकू यायची. एकाच आवाजाला पसंती द्यायची तर कुठल्या? स्वच्छ आवाजात नमन होतं, गाव नव्हतं.

दुरुस्ती इथे संपते आणि पुढचं काम समीक्षेचं आहे. आवाज वेळेवर आला की नाही हे सॉफ्टवेअर सांगेल. तो कुणाच्या देहातून, कुठल्या जागेतून आला, हे पाहणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

एक गळा, दोन देह

आपल्याकडे यासाठी एक जवळजवळ तयार प्रयोग आहे.

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 1967 चं नाटक. त्यातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांनी गाजवले. 2015 मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, आणि त्यांना गाण्याचा आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. पुढे 2022 मध्ये निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ आला. त्यात राहुल देशपांडे स्वतःच आजोबांची भूमिका करतात आणि स्वतःच गातात. म्हणजे तोच गळा, एकदा दुसऱ्याच्या देहात आणि एकदा स्वतःच्या.

‘कट्यार’मध्ये पिळगांवकरांचे ओठ चुकत नाहीत. शब्द, सरगम, हातवारे, सगळ्यामागे मेहनत दिसते. ओष्ठ्य वर्णांची परीक्षा घेतली तर ते पहिल्या श्रेणीत पास होतील. तरी लांब तानेच्या सुरुवातीला मला दर वेळी काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. तानेआधी गायक जो श्वास भरतो, तो ओठांत नसतो. तो बरगड्यांत असतो, मानेत असतो, तान संपत आल्यावर खांद्यांत उतरतो. आवाजातला श्वास एका माणसाचा आणि चित्रातला दुसऱ्याचा, हे डोळे पकडतात. त्याच चित्रपटात पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच्या आवाजात गातात, त्यामुळे दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहायला मिळतात. महादेवन काही मुरलेले नट नाहीत. पण त्यांचं गाणारं शरीर खोटं बोलत नाही.

‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे काही संवादांत अवघडलेले वाटतात. गायला लागले की ते अवघडलेपण जातं. गाणं सेटवर रेकॉर्ड झालं की स्टुडिओत, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. आपला श्वास कुठे पडतो हे त्या शरीराला ठाऊक आहे, एवढं पुरतं.

यावरून डबिंग वाईट आणि थेट आवाज चांगला, असा निकाल मला द्यायचा नाही. ‘कट्यार’ला एक दरारा असलेला, आतून जळणारा खाँसाहेब हवा होता. तो पिळगांवकरांनी उभा केला. दिग्दर्शकानं अभिनयाला झुकतं माप दिलं, आणि त्याची किंमत श्वासाच्या रूपानं मोजली. ती किंमत मोजली गेली आहे हे समीक्षेनं निदान नोंदवायला हवं.

गोंगाट करणारा कॅमेरा

आवाज आणि देह यांची फारकत आपल्याकडे पहिल्यापासून नव्हती. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 चा. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून त्याचं बरंचसं शूटिंग गाड्या थांबल्यावर रात्री व्हायचं. लगेच 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ केला, मराठीत आणि हिंदीतही. नंतर आवाज बदलण्याची सोय नव्हती. त्यामुळे गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना प्रसंग दोनदा उभा करावा लागला, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. आवाजाची बाजू सांभाळायला प्रभातमध्ये विष्णुपंत दामले होते, जे पुढे ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक झाले. आज हे सगळं अडचणीचं वाटतं. पण त्या अडचणीत एक गोष्ट गृहीत होती: पडद्यावरचा माणूस बोलला तेव्हाच बोलला.

पुढे अ‍ॅरिफ्लेक्ससारखे हलके कॅमेरे आले. ते खांद्यावर घेऊन डोंगरात, बाजारात, कुठेही जाता यायचं. फक्त ते शिवणयंत्रासारखे खडखडायचे. मग शूटिंगच्या वेळचा आवाज केवळ संदर्भापुरता घ्यायचा आणि खरा आवाज नंतर स्टुडिओत भरायचा, ही रीत पडली. आपला सिनेमा बाहेर मोकळ्यावर गेला आणि त्याचा आवाज बंद खोलीत गेला.

या रीतीत बोलींचं नुकसान झालं असं मला वाटतं. शेतात, बांधावर बोललेलं वाक्य महिन्या-दोन महिन्यांनी काचेच्या खोलीत परत बोलायचं, तेही ओठांशी जुळेल असं. तिथे आधी सफाई येते. कोकणातलं पात्र म्हटलं की आपल्या पडद्यावर मालवणी हेल येतो, आणि तो आला की हशा येतो. मालवणीचं स्वतःचं वैभव आहे, तिला ‘वस्त्रहरण’सारखं नाटक मिळालं. पण मालवणी ही सिंधुदुर्गाकडची. रत्नागिरी जिल्ह्यातली संगमेश्वरी बोली वेगळी, आणि तितकं घराघरांत पोचलेलं काही तिच्या वाट्याला आलेलं नाही. आजी बोलते ती हीच बोली.

आरोपी: एक आवाज

मोठ्या पातळीवर थेट आवाजाकडे हिंदी सिनेमा पुन्हा वळला तो 2001 च्या ‘लगान’मुळे. त्याचं ध्वनिमुद्रण नकुल कामटे यांचं. मराठीत या वाटेचं सगळ्यात पक्कं उदाहरण माझ्या दृष्टीनं चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, 2014 चा.

‘कोर्ट’मध्ये खटला आवाजावरच आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. वीरा साथीदार यांनी हे शाहीर केले. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर. माणसं फ्रेममध्ये लहान दिसतात, ओठ नीट दिसतही नाहीत. म्हणजे इथे लिप-सिंकची परीक्षा घेताच येत नाही, आणि डबिंग करून कुणाला कळलंही नसतं. तरीही थेट आवाजानं जे साधलं ते वेगळं आहे. न्यायालयाच्या खोलीएवढाच त्या आवाजांचा आकार आहे. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कलमं वाचतात, तेव्हा तो सूर पंख्यांमध्ये, खुर्च्यांच्या सरकण्यात, कंटाळ्यात मिसळतो. तो आवाज आपल्या कानाशी आणून ठेवलेला नाही. आपल्याला तो ऐकायला किंचित पुढे झुकावं लागतं, जसं मागच्या बाकावर बसलेल्याला झुकावं लागतं.

आणि या चित्रपटात आणखी एक जुळवणी आहे, जी चुकत राहते. साक्षीदार काही बोलतो. न्यायाधीश ते ऐकतात आणि स्वतःच्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात. कागदावर चढतं ते न्यायाधीशांचं वाक्य. माणूस बोलला एक, नोंद झाली दुसरी. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न्यायालयीन तपशील म्हणून पाहिलं. आजीचा टेक दुरुस्त केल्यावर पुन्हा पाहिलं, तर ते मला डबिंगच वाटलं: सत्तेनं केलेलं, अधिकृत, ओठ जुळवायची तसदीही न घेतलेलं.

भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला याच सुमारास, 2014 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत, शूटिंगच्या जागी केलेल्या ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक मिळालं. ध्वनिमुद्रक महावीर सब्बनवाल. मेंढपाळ कुटुंबाच्या त्या कथेत कळप फ्रेमच्या बाहेर गेला तरी कानांतून जात नाही. या कुटुंबाचं सगळं काही उघड्यावर आहे, हे संवादांआधी आवाज सांगतो. परीक्षणांत मात्र ध्वनिमुद्रकाचं नाव शोधावं लागतं.

पण कानांवर फार भरवसा ठेवू नये, असंही एक प्रकरण आहे. 2022 मध्ये जाहीर झालेल्या 68 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, फक्त थेट आवाजाच्या चित्रपटांसाठी असलेलं पारितोषिक ‘डोल्लू’ या कन्नड चित्रपटाला मिळालं. त्यावर त्याच चित्रपटाचे ध्वनी-संरचनाकार नितीन लुकोस यांनी जाहीरपणे सांगितलं की हा सिंक साउंडचा चित्रपट नाही, यातले संवाद डब केलेले आहेत. रसूल पुकुट्टी यांनीही हा मुद्दा लावून धरला. अनेकांनी परीक्षकांची टिंगल केली. मला त्यात दुसरी बाजूही दिसते. डबिंग इतकं चांगलं झालं असेल की जाणकारही फसले, तर मग थेट आवाजाचा आग्रह कशासाठी? इटलीतला नववास्तववादी सिनेमा रस्त्यावर शूट झाला आणि त्याचा आवाज नंतर भरला गेला. फेलिनी तर नटांना शूटिंगच्या वेळी नुसते आकडे म्हणायला लावायचे. त्या सिनेमांना खोटं म्हणायची माझी छाती नाही.

आता तर आवाजाप्रमाणे ओठच बदलून देणारी एआय सॉफ्टवेअर्स आली आहेत. लवकरच ‘म’ कुठल्याही भाषेत, कुठल्याही चेहऱ्यावर बिनचूक मिटेल. ओठांवरून खरं-खोटं करण्याचे दिवस संपत आले. मग थेट आवाजाच्या बाजूनं उरतं तरी काय? याचं उत्तर मला सिनेमात सापडलं नाही. ते घरी सापडलं.

परत एकदा

फ्रेम रेट दुरुस्त झाल्यावर टेक शेवटपर्यंत जुळला. पण भरतीचं पाणी चढत गेलं तसा लाटांचा आवाज वाढला होता, आणि तीन ठिकाणी आजीचे शब्द त्यात बुडत होते. एडिटिंग शिकलेला एक मित्र म्हणाला, आजीला घरात बसव, खिडक्या लाव, गोधड्या टांग आणि तेवढा भाग डब कर. बरोबर होतं त्याचं. मी तसंच केलं.

“येकदा बोल्लंय ना,” आजी म्हणाली. “आता त्येच परत कशाला?”

तरी बोलली. कानांना हेडफोन, समोर माइक, लॅपटॉपवर तिचाच चेहरा. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. ओठांशीही जुळलं, थोडं ताणून, थोडं आवळून. ऐकताना काहीतरी वेगळं वाटलं म्हणून मी दोन्ही फाइल्स एकापाठोपाठ लावल्या. खाडीवर ती ‘व्हती’ म्हणाली होती, खोलीत ‘होती’ म्हणाली. खाडीवर ‘मंग’, खोलीत ‘मग’. डॉक्टरांशी किंवा तालुक्याच्या ऑफिसात बोलताना ती जी भाषा काढते, ती तिनं माइकसमोर काढली होती. कुणी सांगितलं नव्हतं. परत बोलायचं म्हणजे नीट बोलायचं, हे तिनं आपलं आपणच ठरवलं. भोंग्याबद्दल सांगताना खाडीवर ती समुद्राकडे मान वळवून थांबली होती. खोलीत थांबली नाही, कारण बघायला काही नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं दुसरा टेक निर्दोष होता. मी तो वापरला नाही. लाटांत बुडालेले तीन शब्द तसेच ठेवले, खाली पाटीही दिली नाही.

गणपतीत सगळे घरी आले तेव्हा टीव्हीवर फिल्म लावली. डोंबिवलीचा चुलतभाऊ शेवटी म्हणाला, “छान झालीय गं, पण मध्ये मध्ये आजी काय बोलते ते कळत नाही.”

खरं आहे. खाडीवर तिच्या शेजारी बसलं तरी तेवढंच कळतं.